पर्यावरणीय आरोग्याच्या पुरस्कारासाठी नामांकन पाठवताय? या चुका टाळा

पर्यावरणीय आरोग्य म्हणजे अन्न, पाणी, परिसर यांतून कोणी आजारी पडू नये म्हणून होणारं काम. त्या कामातल्या एका ज्येष्ठ निरीक्षकांसाठी मी लिहिलेलं पहिलं नामांकन नाकारलं गेलं. माणूस अस्सल होता, कमी पडला तो माझा कागद. त्यात त्यांची पदं होती, बढत्यांची वर्षं होती, ‘निष्ठा’ आणि ‘समर्पण’ दर दोन ओळींआड होते. पण त्यांनी नेमकं काय केलं, ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. या क्षेत्रातली मुळातली अडचण हीच आहे. काम चोख झालं की कोणी आजारी पडत नाही, आणि जे घडलंच नाही ते कागदावर आणणं अवघड जातं.

पुरस्कार कोणासाठी आहे, हेच न पाहणं

ही चूक झाली की पुढची सगळी मेहनत पाण्यात. अमेरिकेतलेच पुरस्कार घ्या. वॉल्टर एस. मँगोल्ड पुरस्कार हा तिथल्या नॅशनल एन्व्हायर्नमेंटल हेल्थ असोसिएशनचा सर्वोच्च सन्मान, आणि तो व्यक्तीच्या कर्तृत्वासाठी आहे. सॅम्युएल जे. क्रम्बाइन पुरस्कार मात्र १९५५ पासून स्थानिक आरोग्य यंत्रणांना अन्नसुरक्षेच्या कामासाठी दिला जातो. तिथे एका अधिकाऱ्याचं कितीही सुंदर चरित्र पाठवलं तरी उपयोग नाही. निकषांचा कागद समोर ठेवा आणि आपला प्रत्येक परिच्छेद त्यातल्या कोणत्या मुद्द्याला उत्तर देतो, ते समासात लिहा. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो परिच्छेद काढून टाका.

वर्षं मोजणं आणि बदल न सांगणं

सगळ्यात जास्त नामांकनं इथे अडतात. ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे, त्या क्रम्बाइन यांच्याकडेच पाहा. ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या आरोग्य मंडळाचे सचिव होते. त्या काळी रेल्वेगाड्यांत आणि शाळांत सगळे एकाच पेल्यातून पाणी पीत. रोग पसरवणारे हे सामायिक पेले कॅन्ससने १९०९ मध्ये बंद केले, ते त्यांच्या पाठपुराव्यामुळे. ही एवढी हकिकत विशेषणांच्या अख्ख्या पानाहून जास्त बोलते.

समजा, तुमच्या सहकाऱ्याने एका मोठ्या स्वयंपाकघराची पद्धत बदलली. ‘अन्नसुरक्षेत मोलाचं योगदान दिलं’ हे वाक्य खोडा आणि तिथे काय दिसलं ते लिहा. सकाळी शीतगृहात रात्रीच्या सुपाचं खोल पातेलं आहे. वरचा थर गार, पण थर्मामीटर मध्यभागी खुपसला तर सूप अजून कोमट. अमेरिकेच्या फूड कोडप्रमाणे, म्हणजे तिथल्या अन्नसुरक्षेच्या नमुना नियमांप्रमाणे, शिजवलेलं अन्न ५७ अंश सेल्सिअसवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि ५ अंशांपर्यंत एकूण सहा तासांत उतरायला हवं. खोल पातेल्यात मधली उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि तेवढ्या वेळात जिवाणू वाढतात. मग पुढचं सांगा: त्यांनी उथळ ट्रे वापरायला शिकवलं, तापमान लिहायची वही सुरू करून दिली, आणि नंतरच्या भेटींत नोंदी कशा निघाल्या. दंड करून निघून जाणारा आणि शिकवून जाणारा निरीक्षक यांतला फरक समितीला इथे दिसतो.

मात्र ‘यांच्यामुळे शहरात साथ आली नाही’ असा दावा करू नका. समितीत याच कामात मुरलेली माणसं असतात. साथ न येण्यामागे प्रयोगशाळा, अभियंते, परिचारिका, किती हात असतात ते त्यांना ठाऊक असतं. आधीची नोंद आणि नंतरची नोंद शेजारी शेजारी ठेवा, पुरे.

एकाच साच्यातली शिफारसपत्रं

आपणच मसुदा पाठवतो आणि तिन्ही पत्रं त्याच शब्दांत परत येतात. त्यापेक्षा प्रत्येकाकडे स्वतः पाहिलेला एकच प्रसंग मागा. जमलं तर एक पत्र अशा व्यक्तीचं घ्या, जिची कधीकाळी तपासणी झाली होती. वरिष्ठांच्या कौतुकापेक्षा मला ते पत्र नेहमी वजनदार वाटतं. प्रसंग सांगताना रुग्णांची किंवा तक्रारदारांची ओळख उघड होणार नाही, ही काळजी घ्या.

मुदत, शब्दमर्यादा, सह्या हे दोन दिवस आधी तपासा. संक्षेप पहिल्यांदा येतो तिथे पूर्ण लिहा.

नामांकन परत आलं असेल तर

तोच कागद तारीख बदलून पाठवू नका. समिती अभिप्राय देत असेल तर आवर्जून मागा. मग या क्षेत्राबाहेरच्या कोणाला तरी नामांकन वाचायला द्या आणि विचारा, ‘या माणसाने काय केलं?’ उत्तरात फक्त पद आलं, तर पुन्हा लिहायला बसा.

त्या ज्येष्ठांचं नामांकन मीही दुसऱ्या वर्षी नव्याने लिहिलं. पहिल्यांदा त्यांना न सांगता, आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून लिहिलं होतं. या वेळी अर्धा दिवस त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. एका पानावर एका घराच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल डकवलेला होता, नायट्रेट हा तान्ह्या बाळांना घातक क्षार मर्यादेहून जास्त. घरात तान्हं बाळ, आणि त्याचं पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवलं जायचं. आई म्हणाली होती, मी पाणी उकळूनच घेते. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं, हे समजावायला ते त्याच संध्याकाळी कामाची वेळ संपल्यावर पुन्हा गेले होते, सोबत बाटलीबंद पाणी घेऊन. नव्या नामांकनाचा पहिला परिच्छेद मी त्या पानावरून लिहिला.