अमेरिकेत ब्रँडचे पैसे कुठे द्यायचे आणि कुठे वाचवायचे

अमेरिकेच्या जीडीपीचा जवळपास दोन तृतीयांश भाग लोकांच्या खरेदीतून येतो, त्यामुळे दुकानात तुम्ही कुठलं पाकीट उचलता याकडे कंपन्यांचं फार बारीक लक्ष असतं. कितीतरी अमेरिकन घरांमध्ये आईवडील वापरायचे तोच केचप, तोच साबण वर्षानुवर्षं येतो, किंमत कोणी बघतही नाही. तिथे नवीन राहायला गेला असाल तर ही सवय अंगवळणी पडायच्या आतच सावध व्हा.

पहिलं काम औषधांचं. सीव्हीएस किंवा वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानांमध्ये टायलेनॉल या तापावरच्या, अंगदुखीवरच्या ब्रँडच्या गोळ्यांशेजारीच दुकानाच्या स्वतःच्या नावाची बाटली असते आणि बऱ्याचदा तिच्यावर छापलेलंच असतं की टायलेनॉलमधल्या औषधाशी ताडून बघा. मग बघाच की! दोन्ही बाटल्या फिरवा, मागे ड्रग फॅक्ट्सचा चौकोन असतो, त्यातली वरची ओळ वाचा, दोन्हीकडे अ‍ॅसिटामिनोफेन ५०० मिलिग्रॅम असेल (म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच) तर स्वस्तातली बाटली बिनधास्त घ्या. तो चौकोन वाचायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण सर्दीवरच्या डेक्विल, नायक्विलमध्येही हेच औषध असतं आणि न बघता दोन्ही घेतली तर नकळत डबल डोस होतो.

किराणा घेताना मोठ्या आकड्याकडे नाही, शेल्फच्या चिठ्ठीवरच्या बारीक आकड्याकडे बघायचं, तो युनिट प्राइस म्हणजे एका औंसाला किती पडतात ते. कधी एका चिठ्ठीवर औंसाचा भाव असतो आणि शेजारच्या चिठ्ठीवर पाउंडाचा, तेव्हा १६ औंस म्हणजे १ पाउंड एवढं डोक्यात ठेवा. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असंही नाही, हिशोब करूनच घ्या.

दुकानाचा ब्रँड म्हणजे हलका माल हा समज तर सोडूनच द्या. कॉस्टको या मोठ्या दुकानांच्या साखळीचा स्वतःचा ब्रँड कर्कलंड सिग्नेचर १९९५ पासून आहे आणि त्यांच्या काही कॉफीच्या पाकिटांवर ती स्टारबक्सने भाजलीय असं चक्क छापलेलं असायचं.

आता सेल. २०१२ मध्ये जेसी पेनी या मोठ्या दुकानांच्या साखळीने कूपनं आणि सततचे सेल बंद करून रोजच कमी किंमत ठेवली, तर त्या वर्षात त्यांची विक्री साधारण २५ टक्क्यांनी पडली, पुढच्या वर्षी सीईओ रॉन जॉन्सन यांना जावं लागलं आणि कूपनं परत आली. लोकांना कमी किंमतीपेक्षा काहीतरी वाचवल्याचा आनंद जास्त हवा होता. म्हणून खोडलेली जुनी किंमत बघूच नका, हीच वस्तू सेल नसता तर या किंमतीला घेतली असती का एवढंच स्वतःला विचारा.

काउंटरवर स्टोअर कार्ड (म्हणजे त्या दुकानाचं क्रेडिट कार्ड) काढा, आजच्या बिलावर सूट देतो म्हणतील. सरळ नाही म्हणा, बिल पूर्ण फेडलं नाही तर त्यावरचं व्याज ३० टक्क्यांच्या आसपास जातं.

सगळं एकदम बदलायची गरज नाही. ज्याची चव जिभेवर बसलीय ते ब्रँडचंच राहू द्या. बाकीचं एकेक करून बदला, आधी मीठ, साखर, मैदा, फॉइल असलं काहीतरी घ्या जिथे फरक कळतही नाही. कर्कलंडचं काही आवडलं नाही तर कॉस्टको ते परत घेऊन पैसे देतं.