थंडीत पिल्लांना ऊब किती, जागा किती?

ग्वाल्हेर, डबरा, भितरवार भागात डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत रात्रीचा पारा ५ अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो. या दिवसांत ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या पिल्लांची बॅच टाकणार असाल, तर बल्ब आणण्याआधी टेप घेऊन शेड मोजा.

हजार पक्ष्यांची शेड साधारण ५० बाय २० फुटांची असते. छप्पर १० फुटांवर धरलं, तर आत १०,००० घनफूट हवा. ती सगळी तापवत बसलात तर बिल वाढेल आणि पिल्लं गारठायची ती गारठतीलच. पहिल्या आठवड्यात त्यांना २० बाय २० फुटांचा भाग पुरतो. तिथे जमिनीपर्यंत पडदा सोडा आणि बल्बपासून लांब, ७ फुटांवर ताडपत्रीचं छत ताणा. आता तापवायची हवा २,८०० घनफूट.

ऊब पिल्लांच्या संख्येवर ठरवा. कडाक्याच्या थंडीत पिल्लामागे २ वॅट धरा. म्हणजे चार होव्हर (बल्ब लावलेल्या, पिल्लांवर टांगायच्या छत्र्या), प्रत्येकाखाली २५० पिल्लं आणि १०० वॅटचे पाच बल्ब. बल्ब तारेचेच हवेत. एलईडीचा उजेड भरपूर, ऊब जवळपास नाही. एकूण भार २ किलोवॅट होतो, तेवढा पेलणारी वायर आहे का हे आधीच बघून घ्या. पिल्लं यायच्या २४ तास आधी होव्हर सुरू करा, म्हणजे खालचा तूसही तापतो.

थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. पहिल्या आठवड्यात तिथे ३३ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. त्याहून पक्की खूण पिल्लंच देतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी, चिक गार्डला, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाला चिकटून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर जास्त. एका बाजूला गोळा झाली तर पडद्याची फट शोधा. पहाटे चारच्या सुमाराला दोन-चार पिल्लं उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावून बघा. पाय गार लागले, तर होव्हर थोडा खाली घ्या.

शेडच्या बाजूंचे पडदे मात्र वरपर्यंत बंद करू नका, वर वीतभर फट राहू द्या. आत जाताच डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय. दुपारी उन्हाची बाजू उघडा. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी ठेवणार असाल, तर ती बाहेर पेटवून निखारे लाल झाल्यावरच आत आणा, फट उघडी ठेवा आणि त्या शेडमध्ये कुणालाही झोपू देऊ नका. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.