टॉन्सिल्सच्या ऑपरेशनआधी आईबाबांनी करायची तयारी

तारीख ठरली की आधी कॅलेंडर काढा आणि पुढचे पंधरा दिवस बघा. टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर रक्तस्रावाचा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो, आणि घशातली खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, तो पुन्हा येतो. तेवढे दिवस गावाला जायचं नाही, हॉस्पिटल जवळ हवं. पुण्यात राहताय तर पालखीचा मुक्काम किंवा अनंत चतुर्दशी त्यात येत नाही ना हेही पाहा. लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता बंद असताना आजारी लेकरू घेऊन पेठेतून बाहेर कसं पडायचं, हे त्या रात्री सुचणार नाही. तारीख बदलून घ्यायची तर आत्ताच घ्या.

कागदपत्रांचं काम बाबांवर किंवा काकांवर सोपवून टाका. मुलाचं आधार कार्ड, पॉलिसी, जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये. बऱ्याच पॉलिसींमध्ये टॉन्सिल्ससाठी दोन वर्षांची प्रतीक्षा मुदत असते, ती संपली आहे का ते हॉस्पिटलातल्या टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर विचारून घ्या, आणि पूर्वमंजुरीचा अर्ज भरती होण्याआधीच जाऊ द्या. पैशांची अडचण असेल तर संकोच करू नका. धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात भरतीआधीच जाऊन या.

भूलतज्ज्ञांची भेट ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दम लागतो का, नेब्युलायझर दिला होता का, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं का, जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही का, दात हलतोय का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, हे सगळं न विचारताही सांगा. मूल झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास थांबवत असेल तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवा. आणि सर्दी-खोकला लपवू नका. रजा मंजूर झालेली असते, आजी गावाहून आलेली असते, म्हणून नाक पुसून नेण्याचा मोह होतो. सर्दीत श्वासनलिका नाजूक झालेली असते आणि भूल देताना ती आवळू शकते. ऑपरेशन दोन-तीन आठवडे पुढे गेलं तर जाऊ द्या.

उपाशी ठेवण्याबद्दल घरातल्या प्रत्येकाशी बोला, अगदी शेजारच्या काकूंशीसुद्धा. साधारण नियम असा की जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. पोटात काही असेल तर भुलेखाली ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, हे कारण आजीला नीट सांगितलं की ती कळवळून हातात बिस्कीट ठेवणार नाही. वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्या सकाळी मुलासमोर कुणीही चहा घ्यायचा नाही.

मुलाला खरं सांगा. 'काही नाही रे, नुसतं डॉक्टरकाकांना भेटून येऊ' असं म्हणून नेलेलं मूल पुढच्या प्रत्येक दवाखान्यात तुमच्यावर अविश्वास दाखवतं, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, थोडक्यात सांगावं: 'घशातल्या गाठी सुजल्यात म्हणून तू घोरतेस. डॉक्टर तुला औषधाने झोपवतील, मध्ये जाग येणार नाही, आणि तेव्हा त्या काढतील. उठल्यावर घसा दुखेल, मग औषध घेऊ.' सुई टोचणार नाही असं वचन देऊ नका. बधिर करणारं मलम आधी लावता येईल का ते मात्र सिस्टरना विचारा. माझ्या लेकीने सुईबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलेले टॉन्सिल्स नंतर कुठे ठेवतात, एवढंच तिला हवं होतं. असे प्रश्न येऊ द्या.

करगोटा, वाळे, कानातलं, हातातला काळा दोरा आदल्या दिवशी घरीच, देवासमोर, शांतपणे काढून ठेवा. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टर दोरा कापायला लागल्या की आजीच्या डोळ्यात पाणी येतं आणि मूल ते बघतं. नेलपॉलिशही पुसा, बोटाला लावलेल्या चिमट्यातून ऑक्सिजन मोजायचा असतो. पिशवीत पुढून बटणांचे सैल शर्ट (हातात सलाईन असताना टी-शर्ट डोक्यातून निघत नाही), रोजची गोधडी, आवडतं खेळणं. बाकीचं कुणीतरी डब्याबरोबर आणून देईल.

भुलेतून बाहेर येताना लहान मुलं कधीकधी किंचाळतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हे आधी माहीत नसेल तर काळजाचं पाणी होतं. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ते निवळतं. सलाईनचा हात धरून ठेवा आणि हळू आवाजात बोलत राहा.

घरी आल्यावर दुखण्याचं औषध मूल रडायची वाट न बघता, वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेत, वेळेवर द्या. घसा कोरडा पडू देऊ नका, पाणी घोट घोट चालूच ठेवा. मऊ खिचडी, शिरा, गार खीर चालते, चिवडा-चकली आणि आंबट नको. लाल रंगाची कुल्फी किंवा बीट टाळा, उलटी झाली तर रक्त की रंग ते कळत नाही. घशात पांढरे चट्टे दिसतील, तोंडाला वास येईल, कान दुखेल, त्याने घाबरू नका. पण तोंडातून लाल रक्त आलं, किंवा झोपेत मूल सारखं गिळताना दिसलं, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. रात्री कुणाची गाडी मिळेल ते आधी ठरवून ठेवा, आणि तातडीच्या विभागाचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.