नोकरी सांभाळून इंग्रजी बी.ए. करताय? मग रीटाची गोष्ट नीट वाचा

मुक्त विद्यापीठातून इंग्रजी साहित्य घेतलेल्या, दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी घर ओढणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहितेय. प्रवेश, फी, अभ्यासकेंद्र यांबद्दल तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडते. कधी ना कधी कुणीतरी तुमच्या हातात 'एज्युकेटिंग रीटा' ठेवणार आणि 'वाच, तुझीच गोष्ट आहे' म्हणणार. गोष्ट आपलीच आहे, पण बहुतेकजणी ती अर्धीच वाचतात.

विली रसेलचं हे नाटक 1980 सालचं. रॉयल शेक्सपिअर कंपनीने त्याच्याकडून लिहून घेतलेलं. रसेलने स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडली, बायकांचे केस कापायचं काम केलं, आणि नंतर पुन्हा शिक्षणाकडे वळला. त्याची रीटाही सव्वीस वर्षांची, केस कापणारी. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातून ती साहित्य शिकायला येते. शिकवणारा फ्रँक विद्यापीठातला प्राध्यापक, कवी म्हणून थकलेला, पुस्तकांच्या मागे दारूच्या बाटल्या लपवणारा. एक खोली आणि दोन माणसं, एवढंच नाटक. 1983 चा सिनेमा नाटक वाचून झाल्यावर बघा. नाटकात जी माणसं फक्त बोलण्यातून कळतात ती सिनेमात समोर येतात, आणि मग आपलं लक्ष रीटाच्या उत्तरांवरून उडून तिच्या संसाराकडे जातं.

उत्तरांवर लक्ष ठेवायचं ते का, हे जरा लांबण लावून सांगते, कारण मी अडकले ती इथेच.

फ्रँक तिला निबंधाला प्रश्न देतो: नॉर्वेचा नाटककार इब्सेन, त्याचं 'पीअर गिंट' हे नाटक रंगमंचावर आणताना येणाऱ्या अडचणी कशा सोडवाल? रीटाचं उत्तर एका ओळीचं. रेडिओवर करा. इथे सगळे हसतात. आपल्यासारख्यांना तर गुदगुल्या होतात, बघा कशी जिरवली पंडितांची! मला स्वतःला ही ओळ इतकी आवडली होती की 'मनातलं थेट लिहायचं' हाच साहित्याच्या अभ्यासाचा मंत्र असं मी धरून बसले. पहिल्या असाइनमेंटला कमी गुण पडले तेव्हा मंत्र उतरला. मग दुसरं टोक गाठलं. आमच्या गोव्यातल्या फोंड्यात झेरॉक्सच्या दुकानांतून सोडवलेली उत्तरं मिळतात, ती आणली आणि त्यातली भाषा उचलायला लागले. गुण वाढले. घरातही कौतुक झालं. आणि वर्षभरात माझी अशी गत झाली की कविता वाचून मला काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगता येईना.

आता परत त्या प्रसंगाकडे या, कारण तो एका ओळीवर संपत नाही. फ्रँक तिला सांगतो की परीक्षा द्यायची असेल तर हे चालणार नाही. ती तिथेच बसून पुन्हा लिहिते. आणि काय लिहिते? रेडिओच. फक्त आता खाली कारण असतं: इब्सेनने हे नाटक मुळात आवाजांसाठी लिहिलं, थिएटरमध्ये व्हावं असा त्याचा हेतू नव्हता, त्याच्या काळी रेडिओ असता तर त्याने तिथेच केलं असतं. मत तेच आहे, त्याला मजकुरातला आधार मिळाला. पदवीचा सगळा अभ्यास एवढाच आहे, बायांनो. पहिली ओळ खोडायची नाही आणि तिच्यावर थांबायचंही नाही.

माझ्या सरावाच्या वहीतलं दाखवते. अभ्यासकेंद्रावरच्या सरांनी प्रश्न दिला होता, फ्रँक चांगला शिक्षक आहे का? तयार उत्तरांच्या सवयीने मी लिहिलं, 'फ्रँक ही बहुपेडी व्यक्तिरेखा असून तिच्यात गुणदोषांचे मिश्रण आढळते.' सरांनी पेन्सिलने खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'कुठे आढळते?' दुसऱ्यांदा मी आधी मराठीत लिहिलं, आपण बोलतो तसं: 'नाही. रीटाने शिकावं असं त्याला वाटतं, पण तिने बदलावं असं वाटत नाही.' मग खाली दोन जागा लिहिल्या. उन्हाळी शिबिरात ती ब्लेक वाचून येते तेव्हा फ्रँकचं तोंड उतरतं, कारण तो कवी त्याला स्वतः शिकवायचा होता. आणि ती आपल्या नव्या मित्रमैत्रिणींत रमते तेव्हा तो चिडतो. एवढं झाल्यावर इंग्रजी करायला घेतलं. आधी मराठीत विचार केला की इंग्रजी कच्चं राहतं असं सांगणारे भेटतील. खुशाल सांगू दे. कच्चं इंग्रजी सुधारता येतं, डोक्यात काहीच नसेल तर सुधारणार काय?

तयार उत्तरं म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते म्हणून सांगते, ताप उतरतोही कधी कधी. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत असाइनमेंटचा भार 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेचा 70. म्हणजे उतरवून काढलेल्या 30 वर तुम्ही वर्षभर खूश, आणि 70 च्या वेळी कोरा कागद.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडू आहे. तुमच्या साधेपणावर खूश होणाऱ्यापासून सावध राहा. 'तुझं कसं मनापासून असतं, बिघडवू नकोस' म्हणणारे भेटतात. फ्रँक त्यातलाच. आपण त्यांना करमणुकीला हवे असतो. क्लासमध्ये नोट्स सांगून घोकून घेणारे दुसऱ्या जातीचे, त्यांची तर फीही जास्त. समासात 'कुठे?' असं लिहिणारा एक जरी माणूस मिळाला तरी पुरे. नाही मिळाला तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. 1832 पासूनचं ग्रंथालय आहे, मूळ पुस्तक घ्या आणि तो प्रश्न स्वतःच स्वतःला विचारा.

नाटकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची भीती वाटेल, वाटू दे. रीटाचं बोलणं बदलतं, आवडत्या लेखिकेवरून घेतलेलं 'रीटा' हे नावही ती सोडते. जिच्यासारखं व्हावं असं तिला वाटत असतं, ती संगीत आणि पुस्तकांत बुडालेली ट्रिश आत्महत्येचा प्रयत्न करते. नुसतं सुसंस्कृत दिसून पोट भरत नाही हे रीटाला तिथे कळतं. मला मात्र शेवटच्या परीक्षेने धीर दिला. तिला पुन्हा 'पीअर गिंट'चाच प्रश्न येतो. रेडिओची ओळ तिला आठवते, लिहिता आली असती, पण काय लिहायचं ते आता ती स्वतः ठरवते. पहिल्या दिवशी तिच्याकडे एकच उत्तर होतं. तुमचंही असंच होईल. वेळ लागेल, पहिल्या वर्षी तर काहीच होत नाहीय असं वाटेल, तरी होतं.

घरच्यांचं थोडक्यात. रीटाचा नवरा तिची पुस्तकं जाळतो. आमच्याकडे जाळपोळ नाही झाली, सासूबाई फक्त म्हणायच्या, 'आतां शिकून कितें करतलें गो?' याला उत्तर देत बसू नका, वेळ जातो. पहाटेचा तास आपला म्हणून धरून ठेवा. चवथीच्या आठवड्यात अभ्यास होणार नाही हे आधीच मान्य करून टाका आणि असाइनमेंट त्याच्या आधी संपवा.

डिसेंबरच्या परीक्षेचं केंद्र पणजीत आलं आणि तुम्ही फोंड्याकडच्या असाल, तर तारखा बघून ठेवा. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव असतो. त्याच्या आसपासच्या दिवसांत फोंड्याहून बाणस्तारी, जुनं गोवं करत पणजीला जाणाऱ्या बसचा भरवसा धरू नका, दोन बस आधीची पकडा. केंद्राबाहेर बसून वाचता येतं.