चेहऱ्यावर भेगा: गिंपमध्ये पोर्ट्रेट वाकवायचं कसं

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांच्या पोस्टरचं काम सुरू होतं. वडशाच्या नाटकवाल्यांना खलनायकाचा चेहरा फाटलेला, वितळलेला, भेगाळलेला असा काहीतरी हवा असतो. नट मात्र हळूच कानात सांगतो, "भाऊ, वळखू आलो पायजे बरं." या कामात खरी परीक्षा या वाक्याचीच आहे. चेहरा मोडला पाहिजे आणि माणूस तोच राहिला पाहिजे.

त्यासाठी पैसे मोजून घ्यायचं किंवा चोरीचं सॉफ्टवेअर लागत नाही. गिंप हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हीवर चालतं. मार्च 2025मध्ये त्याची 3.0 आवृत्ती आली, पण जुन्या कॉम्प्युटरवर 2.10 असेल तरी खालचं सगळं होतं.

फोटो कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून जसाच्या तसा घ्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला नको, कारण वाकवल्यावर त्यातले चौकोनी ठोकळे ताणून वर येतात. ज्याचा चेहरा आहे त्याला आधी विचारा. न विचारता कुणाचा, विशेषतः गावातल्या मुलीबाळींचा, चेहरा वाकडा करणाऱ्याला मी हे शिकवत नाही. फोटो उघडा, लेअरची (चित्राच्या थराची) नक्कल करा आणि फाइल एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, सेव्ह करा. लाइन कधीही जाते, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर कंट्रोल एस.

आता बहुतेक व्हिडिओत सांगतात ते करू नका. फिल्टर्समध्ये डिस्टॉर्ट, त्यात व्हर्ल अँड पिंच, आणि स्लायडर शेवटपर्यंत. त्याने नाक, डोळे, कपाळ सगळं सारखंच पिळवटतं. कुणाचाही चेहरा घाला, निकाल एकच. कलेतली विकृती चेहऱ्याच्या एका भागाला मोडते आणि दुसऱ्याला सोडते. कुठे मोडायचं हे स्लायडर सांगत नाही, ते नकाशा सांगतो.

हा नकाशा आपल्याकडे फुकट मिळतो. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे लहान तळं, आटली की तळाच्या गाळाला भेगा पडतात आणि पोपडे कडेने वर वळतात. मोबाइल जमिनीला समांतर धरून त्याचा फोटो काढा. वेळ सूर्य उगवण्याआधीची किंवा मावळल्यानंतर लगेचची. तिरप्या उन्हात पोपड्यांच्या सावल्या पडतात आणि कॉम्प्युटरला सावली व भेग यातला फरक कळत नाही.

इथून पुढचा टप्पा मला पुष्कळ दिवस सुटत नव्हता, म्हणून सावकाश वाचा.

भेगांचा फोटो चेहऱ्याच्या फाइलमध्ये नवा लेअर म्हणून आणा आणि चेहऱ्याच्याच मापाचा करा. या लेअरची एक नक्कल बाजूला ठेवा, ती शेवटी लागेल. दुसरी नक्कल डीसॅच्युरेटने काळी-पांढरी करा. डिस्प्लेस हा फिल्टर या लेअरचा उजेड वाचतो. मधला करडा, म्हणजे 0 ते 255 मधला 128च्या आसपासचा, असेल तिथे चेहरा जागेवर राहतो. त्याहून गडद भाग चेहऱ्याला एका बाजूला ढकलतो, उजळ भाग उलट बाजूला. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं.

म्हणूनच "ऑटो लेव्हल मारा, काँट्रास्ट फुल करा" हा सल्ला कामाचा सत्यानाश करतो. काँट्रास्ट ताणला की भेगा काळ्या होतात हे खरं, पण सुकलेली माती पांढरी पडते आणि अख्खा चेहराच सरकतो. आपल्याला माती करडी हवी आणि फक्त भेगा गडद. लेव्हल्स उघडा, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) सर्वांत उंच डोंगर मातीचा असतो. मधला त्रिकोण सरकवून त्या डोंगराच्या खाली आणा म्हणजे माती मधल्या करड्यावर येते, काळं टोक थोडंसं आत घ्या, पांढऱ्याला हात लावू नका.

मग गॉसियन ब्लर. हा टप्पा गाळणारे पुष्कळ आहेत. ब्लर नसेल तर मातीचा कण न् कण चेहरा हलवतो आणि गालावर खरूज झाल्यासारखं दिसतं. तीन हजार पिक्सेल उंचीच्या फोटोला मी 6 ते 10 ठेवतो. भेगेची कड किंचित विरघळली, पण रेघ दिसते आहे, तिथे थांबा.

नकाशाचा लेअर आणि बाजूला ठेवलेली नक्कल, दोन्ही लेअरच्या यादीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून लपवा. चेहऱ्याची नक्कल निवडा आणि फिल्टर्स, मॅप, डिस्प्लेस. एक्स (आडवं सरकणं) आणि वाय (उभं सरकणं) दोन्हींसाठी हाच लेअर नकाशा म्हणून द्या. आकडे मात्र सारखे ठेवू नका. एकच नकाशा आणि सारखे आकडे म्हणजे सगळं नेमक्या 45 अंशांच्या तिरप्या रेषेत घसरतं. एक्स 40, वाय 15 पासून सुरुवात करा. भेगेपाशी जबड्याची कड तुटून बाजूला सरकलेली दिसली, की बरोबर चाललंय. शंभरच्या पुढे गेलात तर चेहऱ्याच्या चिंध्या होतात.

मग वाकवलेल्या लेअरला पांढरा मास्क लावा; मास्कवर काळं रंगवलं तिथे वाकवलेला लेअर लपतो आणि खालचा मूळ चेहरा दिसतो. मऊ कडेच्या काळ्या ब्रशने, अपारदर्शकता 30-40 ठेवून, डोळे आणि ओठांचे कोपरे हळूहळू परत आणा. माणूस तिथेच ओळखू येतो. मी एक डोळा पूर्ण परत आणतो आणि दुसरा अर्धवट मोडलेला ठेवतो. दोन्ही शाबूत राहिले तर चेहऱ्यावर नुसतं जाळं पांघरल्यासारखं वाटतं.

बाजूला ठेवलेला रंगीत गाळ आता पुन्हा दाखवा आणि सर्वांत वर घ्या, मोड मल्टिप्लाय, अपारदर्शकता 25. नकाशा याच फोटोचा होता, त्यामुळे मातीची भेग नेमकी तिथेच बसते जिथे कातडी तुटली आहे. मास्क इथेही लावा, डोळ्यात माती नको.

हनुवटी ओढायची असेल तर वार्प टूल: मोठा ब्रश, कमी जोर, एंटर.

एक्सपोर्टला कंट्रोल शिफ्ट ई, जेपीजी, क्वालिटी 95. फ्लेक्सला पाठवण्याआधी एक ए-फोर प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि रस्त्यापलीकडून बघा. तिथून नट ओळखू येत नसेल तर मास्कवर परत जाऊन डोळा आणखी थोडा आणा, एक्सच्या आकड्याला हात लावू नका.