पामिटेटचा हिशोब पाठ न करता कसा मांडायचा

पामिटेट म्हणजे १६ कार्बनचं फॅटी अ‍ॅसिड, आणि ते जाळून पेशीला किती एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, हा आपला हिशोब. आधी कागदावर चार कप्पे काढा, रक्त, पेशीचं आवरण, आतलं पाणी आणि मायटोकॉन्ड्रिया, मग पामिटेटला एकेका कप्प्यातून पुढे न्या. रक्तात ते अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, नाहीतर ट्रायग्लिसराइडमध्ये असतं, तिथून लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम ते केशवाहिनीच्या भिंतीवर सोडवतं. आवरणातून आत घ्यायला मुख्य सीडी३६ हे वाहक प्रथिन, आणि स्नायू आकुंचन पावायला लागला किंवा इन्सुलिन आलं की हे सीडी३६ आतून वर आवरणावर जास्त येतं, हे बरेच जण लिहितच नाहीत. आत एफएबीपी (फॅटी अ‍ॅसिडला बांधणारं प्रथिन) पामिटेटला धरून नेतं.

मग पामिटेटला कोएन्झाइम ए (थोडक्यात कोए) लावा, इथे २ एटीपीचा खर्च, आत्ताच बाजूला लिहून ठेवा, शेवटी हमखास विसरतो. आता खरा नाका म्हणजे सीपीटी१, मायटोकॉन्ड्रियाच्या दारावरचं एन्झाइम, ते कार्निटीन जोडतं, कार्निटीन लागलं तरच आत एंट्री, आणि मॅलोनिल-कोए (ग्लुकोज भरपूर असताना पेशीत वाढणारा रेणू) वाढलं की गेट बंद. ग्लुकोज भरपूर असताना फॅट कमी का जळतं याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

आत दर फेरीत २ कार्बनचा एक तुकडा, म्हणजे एक अ‍ॅसिटाइल-कोए, सुटतो, शिवाय एक एनएडीएच आणि एक एफएडीएच२ (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) मिळतात. १६ कार्बन म्हणजे ७ फेऱ्या, ८ नाही बरं का, शेवटच्या फेरीत उरलेल्या ४ कार्बनच्या साखळीचे २-२ कार्बनचे दोन तुकडे एकदम होतात. ८ अ्‍ॅसिटाइल-कोएचे ८० एटीपी, ७ एनएडीएचचे १७.५, ७ एफएडीएच२चे १०.५, एकूण १०८, खर्च वजा करून १०६. जुन्या पुस्तकात १२९ दिसेल, तिथे एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ला २ एटीपी धरलेत, आपण वर २.५ आणि १.५ धरले.