अमेरिकेत शिकताना तुमच्या नोंदींवर हक्क कुणाचा? फर्पाबाबत या चुका टाळा

मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठात गेली की पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी पुण्या-नागपुरातून रजिस्ट्रार ऑफिसला फोन जातो. फी आम्ही भरली, लोन आमच्या नावावर आहे, मार्क किती पडले तेवढं सांगा. पलीकडून नम्र नकार येतो आणि घरात चिडचिड होते. पण तो कर्मचारी फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी ॲक्टने, म्हणजे फर्पाने बांधलेला असतो.

विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणारा १९७४ चा हा कायदा अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याचा निधी घेणाऱ्या संस्थांना लागू आहे. अमेरिकेतली बहुतेक सगळी विद्यापीठं त्यात येतात. विद्यार्थ्याचं नागरिकत्व किंवा व्हिसा कोणता, याने फरक पडत नाही. शाळेत असेपर्यंत नोंदींवरचे हक्क पालकांचे असतात. वय १८ झालं किंवा विद्यापीठातलं शिक्षण सुरू झालं, की ते विद्यार्थ्याकडे जातात. १७ वर्षांची मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला असली, तरी हक्क तिचाच.

फी भरतो म्हणजे माहिती मिळेल, हा समज

अमेरिकेच्या आयकर विवरणात पालकांनी विद्यार्थ्याला 'अवलंबित' दाखवलं असेल, तर त्याच्या संमतीशिवायही विद्यापीठ पालकांना माहिती देऊ शकतं. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला ही वाट असते. भारतात राहून इथेच कर भरणाऱ्या पालकांना ती सहसा नसते. शिवाय कायदा इथे 'देऊ शकतं' एवढंच म्हणतो, 'द्यावंच' असं म्हणत नाही. त्यामुळे पात्र पालकांनाही विद्यापीठ नकार देऊ शकतं.

म्हणून पालकांना माहिती हवी असेल, तर पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याने स्वतः संमतीपत्र भरावं. बहुतेक विद्यापीठांच्या पोर्टलवर ते असतं. कायद्याप्रमाणे त्यावर सही आणि तारीख लागते. शिवाय कोणत्या नोंदी द्यायच्या, कशासाठी आणि कुणाला, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात. जीमेलवरून 'बाबांना सगळं सांगा' असं कळवलेलं चालत नाही, कारण त्यात नोंदी ठरत नाहीत, हेतू कळत नाही आणि पाठवणारा तुम्हीच कशावरून, हेही कळत नाही. पत्रव्यवहार नेहमी विद्यापीठाच्या ईमेलवरूनच करा.

फॉर्ममध्ये अनेकदा वेगवेगळे रकाने असतात: मार्क आणि हजेरी, फीचा हिशेब, आर्थिक मदत, शिस्तभंगाची प्रकरणं, वसतिगृह. पालकांना फीपुरतं कळावं असं वाटत असेल, तर तेवढ्याच रकान्यावर खूण करा. काही ठिकाणी फोनवर ओळख पटवायला सांकेतिक शब्द ठरवावा लागतो. तो घरी कळवायला विसरलात, तर फॉर्म भरूनही फोन फुकट जातो. पालकांचं नाव पासपोर्टवर असतं तसंच लिहा. मन बदललं, तर संमती पुढच्या काळासाठी लेखी मागे घेता येते.

फी भरण्यासाठी पालकांना दिलेलं 'ऑथोराइज्ड युजर' खातं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात साधारणपणे बिल आणि पावत्या दिसतात, मार्क दिसत नाहीत. लोनच्या पुढच्या हप्त्यासाठी बँकेने निकाल मागितला, तर विद्यापीठ तो परस्पर पाठवेल या भरवशावर राहू नका. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, तुम्हीच मागवा.

पासवर्ड घरी किंवा एजंटला देणं

फॉर्म भरण्याऐवजी पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि रात्री ओटीपी सांगायचा, हा प्रकार सर्रास चालतो. त्या एका लॉगिनने ईमेल, बँक तपशील, पगार, कर-कागदपत्रं आणि कोर्स रद्द करण्याचं बटण, सगळं उघडं पडतं. विद्यापीठांचे संगणक-नियम हे सहसा स्पष्टपणे मना करतात. खात्यावरून चुकून कोर्स सुटला आणि पूर्णवेळ क्रेडिट कमी पडले, तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. तेव्हा 'लॉगिन बाबांनी केलं होतं' याला काही अर्थ उरत नाही.

डिरेक्टरी माहितीकडे दुर्लक्ष, नाहीतर घाईत बंदी

नाव, पत्ता, फोन, ईमेल, जन्मतारीख, विषय, शिक्षणाचा कालावधी, पदवी यांपैकी जे विद्यापीठ 'डिरेक्टरी माहिती' ठरवतं, ते संमतीशिवाय कुणालाही देता येतं. सोशल सिक्युरिटी नंबर आणि मार्क त्यात कधीच येत नाहीत. काय काय येतं आणि ते थांबवायची मुदत कोणती, हे विद्यापीठाला जाहीर करावं लागतं. ती सूचना न वाचणं ही पहिली चूक. इमिग्रेशन अधिकारी असल्याचं सांगून धमकावणारे भामटे अशाच उघड्या माहितीवरून नाव आणि विषय अचूक सांगतात.

दुसरी चूक उलट बाजूची. डिरेक्टरी माहिती देण्यावर विद्यार्थ्याने घातलेली बंदी अनेक ठिकाणी सरसकट असते. ती घातली की पदवीदान सोहळ्याच्या पुस्तिकेत नाव छापलं जात नाही. नोकरी देणाऱ्या कंपनीने पदवीची खातरजमा मागितली, तर 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर जाऊ शकतं. शिकत असताना घातलेली बंदी पदवीनंतरही, तुम्ही उठवेपर्यंत, तशीच राहते. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, नोकरी शोधायला लागण्याआधी रजिस्ट्रारकडे स्थिती तपासा. बंदी लेखी उठवा किंवा त्या कंपनीपुरतं संमतीपत्र द्या. वर्गात किंवा ऑनलाइन कोर्समध्ये निनावी राहण्यासाठी मात्र ही बंदी वापरता येत नाही.

नोंद दुरुस्ती म्हणजे मार्क वाढवणं, हा गैरसमज

प्राध्यापकाने बी दिला आणि ट्रान्सक्रिप्टवर सी चढला, तर फर्पाखाली दुरुस्ती मागता येते. बीऐवजी ए मिळायला हवा होता, हा वाद फर्पात बसत नाही. त्यासाठी विभागाची तक्रार-पद्धत असते. तिची मुदत अनेकदा छोटी असते आणि चुकीच्या दारात बसून ती निघून जाते. दुरुस्ती नाकारली, तर सुनावणी मागा. तिथेही नाकारली, तर तुमचं निवेदन त्या नोंदीसोबत जोडून घेण्याचा हक्क आहे.

स्वतःची फाइल बघायची असेल, तर कोणत्या नोंदी हे लिहून मागा. जास्तीत जास्त ४५ दिवसांत विद्यापीठाने ती दाखवायला हवी. ते झेरॉक्स देण्यास मात्र एरवी बांधील नाहीत. तुम्ही भारतात परतला असाल आणि येऊन बघणं शक्य नसेल, तर प्रत किंवा दुसरी सोय करावी लागते. फी थकली म्हणून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट अडवलं, तरी फाइल बघण्याचा हक्क तेवढ्याने जात नाही. प्राध्यापकाच्या खासगी टिपणांवर आणि पालकांच्या आर्थिक कागदांवर हा हक्क चालत नाही.

शिफारसपत्रं बघण्याचा हक्क सोडायचा का, हा प्रश्न अर्जातच येतो. विद्यापीठ तशी सक्ती करू शकत नाही. तरीही आमचा सल्ला सोडण्याचाच आहे: प्रवेश नाकारणाऱ्या विद्यापीठात तुम्हाला पत्र बघण्याचा हक्क मुळात नसतो, आणि गोपनीय पत्राला वाचणारे जास्त वजन देतात.

फर्पा सगळंच झाकतो, असं मानणं

आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रमाणपत्रावर, सही करताना एफ-१ साठी लागणारी माहिती सरकारला देण्याची परवानगी तुम्ही दिलेली असते. जिवाला धोका असेल, तर विद्यापीठ पालकांना संमतीशिवाय कळवू शकतं. २१ वर्षांखालील विद्यार्थ्याने दारू किंवा अमली पदार्थांचा नियम मोडला, तरीही कळवू शकतं. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या उपचारांच्या नोंदींचे नियम वेगळे आहेत आणि तिथलं संमतीपत्रही वेगळं असतं. रजिस्ट्रारकडे भरलेला फॉर्म तिथे पुरत नाही, म्हणून दोन्ही भरा.

हक्क मोडला, तर आधी रजिस्ट्रारला लेखी कळवा. नोंद कुणी मागितली आणि कुणाला दिली याची यादीही मागा. विद्यापीठाला ती ठेवावी लागते, फक्त संमतीने दिलेली माहिती, डिरेक्टरी माहिती आणि अंतर्गत कर्मचाऱ्यांना दिलेली माहिती यांचा उल्लेख तिच्यात नसतो. नुकसानभरपाईसाठी फर्पाखाली थेट कोर्टात जाता येत नाही. गोंझागा विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तसं स्पष्ट केलं. तक्रार शिक्षण खात्याच्या स्टुडंट प्रायव्हसी पॉलिसी ऑफिसकडे करायची असते. ती उल्लंघन घडल्यापासून, किंवा ते तुम्हाला कळल्यापासून, १८० दिवसांच्या आत पोहोचायला हवी. विद्यापीठाच्या उत्तराची वाट बघतानाही हे दिवस मोजत राहा.